खाडीकाठचा वर्ग

बसा रे जवळ. मधू, दार लोटून घे, आणि मधे कोणी बोलू नका. हे प्रमोदिनीबाईंचं. मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. शेवटचं तेवढं शाळेच्या शिवराम शिपायाकडून.

शुक्रवार, नऊ डिसेंबर एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. अमावास्या. बाई परीक्षेचे फॉर्म द्यायला डोंबिवलीहून ठाण्याला गेलेल्या. काम पाचला आटपलं. सरळ घरी यायचं, तर त्यांनी कोलशेतची रिक्षा केली.

कारण सुमती. बाई अठरा वर्षं इतिहास शिकवत होत्या. पोरांना सनावळ्या तोंडपाठ, निकाल चोख. आणि ही काल नोकरीला लागलेली सुमती पोरांना घेऊन हिंडायची. कधी कल्याणचा दुर्गाडी, कधी अंबरनाथचं देऊळ. पोरं चिखलाचे पाय घेऊन परतायची आणि आठवडाभर तेच बोलत बसायची. बाईंच्या तासाला मात्र जांभया. त्यांचा नुसता जळफळाट व्हायचा.

आता कोलशेतच्या खाडीत पोरांना वीरगळ सापडलेला. वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्यांच्या आठवणीला उभा केलेला कोरीव दगड. वर देव, मधे होड्यांची लढाई, आणि सगळ्यात खालची चौकट गाळात. ती पोरं उद्या तपासणीच्या साहेबांसमोर मोकळी करणार होती.

बाईंना ती आजच बघायची होती. म्हणजे उद्या सगळ्यांदेखत सहज म्हणता येईल, "अगं, ती होय? मी केव्हाच पाहिली."

बंधाऱ्यावरून उतरल्या तेव्हा सात वाजत आलेले. पाणी लांब होतं. टॉर्च दगडाला टेकवला आणि पट्टीने गाळ खरवडायला लागल्या.

पाठीमागे पोरं बसल्याचा आवाज झाला. ओळीने. मांडी घालून बसतात तसा.

"बाई, सांगा ना."

कोळ्यांची पोरं असतील. बाईंनी वळून टॉर्च मारला. चिखल... तिवरं... कोणी नाही.

"सांगा ना बाई. तुम्हीच सांगा."

तुम्हीच! अठरा वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. दगडाकडे तोंड करून बाई बोलायला लागल्या. राजे, आरमार, सनावळ्या. मागून हुंकार येत होते. एकही जांभई नाही. असा वर्ग त्यांना कधी मिळालाच नव्हता.

मग सांगायचं संपलं.

"पुढे?"

"पुढचं... पुस्तकात नाही."



"मग आम्ही सांगतो."

नावं. हळू. एकेक.

"धाकू..." "हजर."

"गुणाजी..." "हजर."

"सगुणा..." "हजर."

प्रत्येक आवाज आधीच्यापेक्षा जवळ.

टॉर्च विझला.

"प्रमोदिनी..."

बाईंचे ओठ उघडले...

"कोनाशी बोलतस गो बाय?" बंधाऱ्यावर कंदील हलला. बायजा कोळीण. "पानी चरलंय! निंग भायेर!"

पाणी कमरेला लागलेलं. बाईंना पत्ताच नाही. बायजा तशीच पाण्यात उतरली, दंड धरून त्यांना ओढत वर आणलं आणि घरी पोचवेपर्यंत हात सोडला नाही.

शनिवारी सुमतीने ठरल्याप्रमाणे चौकट मोकळी केली. तिच्यात बुडालेली माणसं कोरलेली निघाली. त्यांत लहान पोरंही. सुमती तिथेच दोन तास शिकवत होती. साहेब खूश. वावगं काहीच घडलं नाही.

बाईंनी हे तापाने फणफणून पडल्या पडल्या ऐकलं. आणि मला सांगताना, खोटं नाही बोलत, त्या हसल्या. "तिला नाही रे विचारलं त्यांनी. मला विचारलं."

मंगळवारी बाई शाळेत यायच्या होत्या. शिवरामने सकाळी त्यांचा वर्ग उघडला. शेवटचा बाक ओला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. छत कोरडं, खिडक्या बंद. त्याने बोट लावून जिभेवर टेकवलं...

खारट.

फडकं आणायला वळला, तर दारात प्रमोदिनीबाई. केव्हाच्या उभ्या होत्या कोण जाणे. बाकाकडे बघत होत्या.

"राहू दे, शिवराम," म्हणाल्या. "पुसू नकोस."