साहेबराव मिस्तरींचा टेस्ट लॅम्प

वाचकहो, आज मी आपणांसमोर जो प्रसंग मांडणार आहे, तो माझे मेहुणे साहेबराव यांच्या आयुष्यात प्रत्यक्ष घडलेला आहे. त्यात माझ्या पदरचा एकही शब्द नाही. विश्वास ठेवणे अथवा न ठेवणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

स्थळ, छत्रपती संभाजीनगर. शहागंजच्या मागील गल्ली. मागील वर्षीच्या मार्च महिन्यातील एक रविवार.

आणि वेळ रात्रीची नव्हे... भर दुपारची.

साहेबराव दाजी हे गाड्यांच्या वायरिंगचे मिस्तरी. सत्तावीस वर्षांचा मुरलेला हात. फोनवर नुसता आवाज ऐकून दोष सांगणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती.

त्या दिवशी करमाडचे पुंजाराम आपली पांढरी गाडी जीपला बांधून ओढत घेऊन आले. त्यांच्या पत्नी आशाबाई तीन महिन्यांपूर्वी वारल्या होत्या. तेव्हापासून त्या गाडीची बॅटरी रोज रात्रीतून उतरत होती. दोन नव्या बॅटऱ्या घालून झाल्या. गाडीला कुलूप लावून झोपावे आणि सकाळी पाहावे, तर आतील दिवा मंद जळत असे.

आणि मागचे डावे दार... अर्धवट उघडे असे.

पुंजाराम म्हणाले, "मिस्तरी, विशाखाचे दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण हाय, माहेरी आलीय. ऐन येळंला गाडीनं दगा देऊ नये, एवढं बघा. एकदा झालं तेवढं पुरं झालं."

त्यांचे शेवटचे वाक्य ऐकून दाजींनी मान खाली घातली आणि बोनेट उघडले.

करंट कोठे गळतो हे शोधण्याची रीत सोपी आहे. बॅटरीची मायनसची वायर सोडवावयाची आणि मध्ये टेस्ट लॅम्प जोडावयाचा. टेस्ट लॅम्प म्हणजे दोन वायरी आणि दोन चिमटे असलेला लहानसा बल्ब. तो पेटला म्हणजे करंट गळतो आहे. मग एकेक फ्यूज काढीत जावयाचे. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, तेथे दोष.

दाजींनी बल्ब जोडला. तो पेटला.

आतील दिव्याचा फ्यूज काढला. बल्ब पेटलेलाच.

हॉर्नचा काढला. पेटलेलाच.

टेपचा, पंख्याचा, काचांचा... पेटलेलाच.

एक तास गेला. दाजींच्या शर्टाचे पाणी झाले. मध्येच त्यांचे लक्ष गेले, तर मागचे डावे दार उघडे होते. त्यांनी ते ढकलून लावले. थोड्या वेळाने पाहिले... पुन्हा उघडे. त्यांनी संतापून दाराचे लॉक खोलले, स्वच्छ केले, तेल सोडले, दार दाणकन आपटले.

पाने-पकड आणावयास ते वळले, तेवढ्यात पाठीमागे बारीक आवाज झाला.

दार उघडले होते.

समोरच्या पंक्चरवाल्या बशीरभाईंनी हसत हाक दिली, "क्या मिस्तरी, घंटेभरसे एक बल्ब नै बुझ रा तुमसे?"

एरवी दाजींनी त्यांना दुप्पट सुनावले असते. त्या दिवशी त्यांचे तिकडे लक्षच नव्हते.

कारण बॅटरीखाली हात घालताना त्यांच्या बोटांना एक बोल्ट लागला होता. अर्थिंगची वायर बॉडीला जेथे आवळलेली असते, तेथला बोल्ट. तो गंजलेला आणि सैल होता. तो सैल असला की किल्ली फिरवल्यावर गाडी नुसती टकटक करते, आणि बॅटरी उतरली असे भासते.

तीन महिन्यांपूर्वी पुंजारामांनी फोनवर हाच आवाज ऐकवला होता. दाजी म्हणाले होते, "बॅटरी गेली." नवी बॅटरी घातल्यावर चारच दिवसांनी गाडी पुन्हा सुरू होईना, तेव्हा पुंजारामांनी पुन्हा फोन केला. आशाबाईंच्या छातीत दुखत होते, दवाखाना गाठावयाचा होता.

तो बोल्ट आवळणे हे दोन मिनिटांचे काम होते.

दाजींनी तो निमूटपणे आवळला. मग आणखी तासभर ते वायरी सोडवीत राहिले. अल्टरनेटरची सोडवली. स्टार्टरची सोडवली. सगळे फ्यूज फळीवर मांडलेले होते. अखेर त्यांनी बॅटरीची प्लसची वायरही काढून बाजूला केली.

आता करंटला जावयास वाटच उरली नव्हती.

बल्ब... जळतच होता.

दाजी मट्‍कन खाली बसले. स्टुलावर बसलेले पुंजाराम उघड्या दाराकडे पाहत होते. ते स्वतःशीच बोलावे तसे बोलू लागले.

"इथंच बसली व्हती ती. पाय खाली सोडून. शेजारच्या सत्यमची जीप उभी व्हती, म्या म्हणलो, चल. तर म्हणली, 'साहेबराव भाऊ रस्त्यात हायेत म्हणले ना? येतीलच. सत्यमला कशाला तरास?' दार लावू दिलं नाय. म्हणली, भाऊ आलेले दिसू द्या."

दाजींनी हातातली वायर खाली ठेवली.

त्या दिवशी दाजी फोनवर म्हणाले होते, "रस्त्यातच आहे, दहा मिनिटांत पोहोचतो." नंतर त्यांनी सांगितले की चिकलठाण्याला वाहतुकीत अडकलो होतो. पुंजारामांनी ते खरे मानले होते.

दाजींनी एकदा बल्बाकडे पाहिले, एकदा पुंजारामांकडे.

"पुंजारामभाऊ... म्या निघालोच नव्हतो. इथंच बसेल होतो. दुकानात."

गल्लीतला सगळा आवाज जणू थांबला.

बल्ब विझला.

आणि मागचे दार कोणीही हात न लावता... हळूच लागले. खट्‌.

पुंजाराम लागलेल्या दाराकडे पाहत होते. मग एवढेच म्हणाले, "ती शेवटपर्यंत रस्त्याकडं बघत व्हती, मिस्तरी."

दाजींनी सर्व जोडणी पूर्ववत केली. अर्ध्या किल्लीत गाडी सुरू झाली. एप्रिलमध्ये विशाखाताईंना त्याच गाडीतून दवाखान्यात नेले, मुलगी झाली. गाडीने पुन्हा कधीही दगा दिला नाही. पुंजाराम मात्र त्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत.

तेव्हापासून फोन आला की दाजी आधी हत्यारांची पेटी उचलतात, मग बोलतात.

वाचकहो, मीही यास मनाचा खेळ समजत होतो. परंतु गेल्या महिन्यात मी दाजींच्या दुकानात चहा पीत बसलो असता घरून फोन आला. आमच्या सौभाग्यवती गीताबाईंना ताप भरला होता, औषध घेऊन कोठपर्यंत आलात असे विचारीत होत्या. मी सवयीने बोलून गेलो, "रस्त्यातच आहे, पोहोचलोच."

दाजींचा चेहरा पांढरा पडला. ते माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या मागे भिंतीकडे पाहत होते.

मी वळलो.

खिळ्याला तो टेस्ट लॅम्प टांगलेला होता. दोन्ही चिमटे मोकळे लोंबत होते.

आणि बल्ब पेटलेला होता.

मी चहा तसाच टाकून पळत निघालो. तो कधी विझला, हे विचारण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.

माझे हे लेखन आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
कडुबा गवारे, कन्नड