एका वेळी एकच इंजेक्टर

समोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानाचं शटर बंद होतं, म्हणून तो आमच्या दारात आला. दुकान कधी उघडतं एवढंच त्याला विचारायचं होतं. पण आमच्या मोठ्या पंख्यानं त्याच्या हातातला कागद उडवला आणि थेट माझ्या टेबलावर आणून टाकला. कागदावर एक गणित होतं, आणि ते चुकलं होतं. चुकलेलं गणित समोर दिसलं की मला गप्प बसवत नाही… हा माझा जुना दोष.

मी मामाच्या वर्कशॉपमध्ये इंजेक्टर तपासते. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोलची फवारणी करणारी बोटभर लांबीची वस्तू. माझ्या यंत्रावर काचेच्या चार नळ्या आहेत. वरून इंजेक्टर फवारतात, खाली कोण किती देतो ते मी मापते.

"मिनिटाला हजार मिलिलिटर देणारे इंजेक्टर… रणगाडा बांधताय का?" मी विचारलं.

"सुपरचार्जर बसवलाय," तो म्हणाला. बाहेर भुरभुर होती, त्याच्या पापण्या ओल्या होत्या – मी पाहिलं, नाही असं नाही. "इंजिनात हवा कोंबली जाते, त्याला पेट्रोल पुरायला हवं. मोठेच घेतले की काळजी मिटली."

गेल्या वर्षी छोट्या इंजेक्टरांनी पेट्रोल कमी पडून त्याचा एक पिस्टन जळाला होता. दुधानं तोंड पोळलेला माणूस आता ताकही फुंकून पीत होता. मी त्याला सांगितलं, की हजारचे बसवले तर गाडी पळेल, पण सिग्नलला उभी राहिली की धापा टाकेल, कारण एवढ्या मोठ्या इंजेक्टरला थेंबभर देणं जमत नाही. शिवाय सुपरचार्जर काही फुकट फिरत नाही, तो इंजिनच्याच जिवावर फिरतो. ती शक्ती त्यानं धरलीच नव्हती. आलेलं अपुरं उत्तर मात्र भीतीपोटी अडीचपट केलं होतं.

मी कागद उलटा केला आणि गणित नव्यानं मांडलं. इंजेक्टर पाचातले चारच हिस्से वेळ उघडा राहील असं धरलं, उरलेला हिस्सा अडीअडचणीला. उत्तर आलं साडेपाचशेचं.

मामा आतून म्हणाला, "पोरी, गिऱ्हाईकाला घरी जाऊ दे."

गिऱ्हाईक जायला तयार नव्हतं. साडेपाचशे नक्की पुरतील का, असं त्यानं तीनदा विचारलं आणि मी तीनदा हो म्हटलं. शेवटी तो हसला. "बरं. पण बसवायच्या आधी तुम्हीच तपासून द्यायचे."

मंगळवारी तो आला. खिशातून फडक्यात गुंडाळलेला इंजेक्टर काढला… एकच.

"बाकीचे?"

"आज एवढाच जमला."

आता हे सांगायलाच हवं – चारही इंजेक्टर एकाच वेळी तपासायचे असतात. यंत्रातलं द्रव तापलं की आकडा बदलतो, गार झालं की बदलतो. मंगळवारचा आकडा बुधवारच्या आकड्याशेजारी ठेवण्यात काही अर्थ नसतो. हे इंजिन बांधणाऱ्याला माहीत नसेल? मला तर झोपेतही माहीत आहे. तरी मी तोंड उघडलं नाही. आकडा घेतला, सुवाच्य अक्षरात लिहून दिला आणि म्हटलं, "उद्या दुसरा आणा, हजारवाले."

बुधवारी दुसरा आला. त्या दिवशी उकाडा मी म्हणत होता, आणि तो काचेच्या नळीत पडणारं धुकं बघत तासभर बसला. खरं म्हणजे तो नळीकडे बघत नव्हता, आणि मीही आकड्याकडे बघत नव्हते. गुरुवारी तिसरा आला.

"याला पिशवी मिळत नाही का गं कुठे?" मामानं मला विचारलं. मी कानावर घेतलं नाही.

पण गुरुवारीच तो बोलता बोलता गाडीबद्दल बोलला. गाडी तो बांधतो, चालवते त्याची ताई. रविवारी चढाची शर्यत होती. गेल्या वर्षी पिस्टन जळाला तेव्हा गाडी ऐन वळणावर बंद पडून मागे घसरत गेली होती, आणि कठड्याला टेकून थांबली होती.

"ताई म्हणाली, या वेळी इंजिन दगा देणार असेल तर आधीच सांग. मी तिला शब्द दिलाय."

तो गेल्यावर मला उमगलं – तो शब्द माझ्या आकड्यांवर दिलेला होता.

शुक्रवारी चौथा इंजेक्टर लावला. आधीचे तीन साडेपाचशेच्या आसपास होते, हा पाचशे एकतीस. इंजेक्टर कमी देत होता की सकाळच्या गारठ्यानं द्रव गार होतं? मला सांगता येईना. चार आकडे समोर होते आणि एकाचीही मला खात्री नव्हती.

खरं न सांगता नुसतं 'उद्या पुन्हा मापू' म्हटलं असतं तर तो उद्याही आला असता. मी यंत्र बंद केलं.

"हे चारही आकडे फाडून टाका," मी म्हटलं. "सगळे एकदम तपासायला हवे होते. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही रोज यावं म्हणून… म्हणून मी बोलले नाही. चूक माझी आहे."

आत मामाचा पाना वाजायचा थांबला.

तो कानापर्यंत लाल झाला. "मलाही माहीत होतं."

"माहीत होतं? अरे, तुझी ताई त्या गाडीत बसणार आहे! जा, बाकीचे घेऊन ये."

तो बाहेर गेला आणि मिनिटभरात परत आला. तिन्ही इंजेक्टर त्याच्या स्कूटरच्या डिकीत होते. रोज असायचे म्हणे.

मला हसूही आलं आणि रागही. पण आधी काम. चारही लावले, द्रव नीट तापू दिलं, तीन वेळा मापलं. चौथा अगदी ठीक निघाला. कमी देत होता तो दुसरा, बुधवारच्या उकाड्यानं आकडा फुगल्यामुळे वाचलेला. धुतला, पुन्हा मापला, तरी कमीच. त्याच्यावर भरवसा ठेवला असता तर त्याचाच पिस्टन पहिला जळाला असता.

आम्ही दोघं समोरच्या दुकानात धावलो. एक आणला, जुळला नाही. दुसरा जुळला नाही. दुकानदार वैतागला, मी हटले नाही. पाचवा जुळला. संध्याकाळी चारही नळ्यांत पातळी एका रेषेत उभी राहिली.

"आता तपासायला काही उरलं नाही," तो हळूच म्हणाला.

"नाही उरलं. पुन्हा यायचं असेल तर नुसतं ये. निमित्त आणलंस तर दारातूनच परत पाठवीन."

रविवारी मी शेवटच्या वळणावर उभी होते. गाडी दिसण्याआधी ऐकू आली… एकाही ठोक्याला न चुकता चढत होती. ती समोरून गेली तेव्हा कुठे मी श्वास सोडला. वर पोचल्यावर ताईनं हेल्मेट काढलं आणि आधी भावाला मिठी मारली, मग मला.

सोमवारी दुपारी तो दारात उभा राहिला. मी त्याच्या खिशांकडे पाहिलं. त्यानं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले, आत काहीही नव्हतं.

"आज फक्त तू आवडतेस म्हणून आलोय," तो म्हणाला.

मी यंत्र बंद केलं आणि शेजारचं स्टूल पुढे ओढलं. "मलाही तू आवडतोस. बस."