तीन पेडलं आणि दोन पाय

ये, बैस. चहा कोराच आहे, चालवून घे. आमच्या ट्रेगारॉन गावची एक गोष्ट सांगतो. हसू आलं तर हस, मी काही म्हणणार नाही.

लोहाराची धाकटी नेरिस. हार्प वाजवायला बसली की मीसुद्धा पाइप विझवून ऐकतो. यंदा ओलीनं चॅपेलचा पियानो फुगला, आणि उन्हाळी कार्यक्रमात तर पियानो पुढं नि बँड साथीला असा जुना कॉन्चेर्तो ठरलेला! बँडमास्तर गेरेंट म्हणाले, "पियानोचा भाग हार्पसाठी कुणाकडून तरी नव्यानं लिहून घेऊ. जमलं तर नेरिस वाजवेल. नाहीतर कार्डिफहून पियानोवाला बोलावतो, पियानोसकट."

पोरीला पहिल्यांदाच असा मान मिळत होता. पण लिहून आलेले कागद हातात पडले आणि ती रडकुंडीला आली.

एका भुरभुर पावसाच्या दुपारी ती रिकाम्या चॅपेलात त्या कागदांवर खेकसत होती. टोपी झटकत एक उंच पोरगा आत शिरला.

"कुणावर एवढा राग?"

"ज्यानं हे लिहिलंय त्याच्यावर! दहा बोटांचं लिहून ठेवलंय मेल्यानं."

"बोटं दहाच असतात की."

"हार्पवर आठच चालतात. करंगळ्या नुसत्या शोभेला. एवढंही कळत नाही त्या गाढवाला!"

"आता कळलं..." तो टोपी चुरगाळत म्हणाला. "त्या गाढवाला इदवाल म्हणतात. म्हणजे — मीच तो."

नेरिस कानापर्यंत लाल झाली. पण सॉरी काही म्हणाली नाही, लोहाराची पोर ती!

मग तो रोज यायला लागला. इथला सूर काढ, तिथला डाव्या हाताला दे... पण नजर मात्र कागदावर कमी.

"काय बघतोस?"

"बोटं. कामासाठी."

"काम कागदावर आहे."

"असं वाटतं तुला," तो म्हणाला. तिची एक तार चुकली.

सगळं बसलं, एक जागा सोडून. मधेच सूर असा वळायचा की काळजात हलायचं, आणि तिथंच एका क्षणात तीन पेडलं बदलायची होती. हार्पच्या तळाशी पेडलं असतात ना, पायानं दाबली की तारांचा सूर बदलतो.

"गाळ ती जागा."

"ती गाळली तर उरलं काय?"

"मग तिसरा पाय आण!"

तो दार ओढून घेत तडक निघून गेला. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी. गेरेंट फोनकडे बघायला लागले. नेरिसला मात्र कार्डिफवाल्यापेक्षा त्या बंद दाराचीच जास्त धास्ती...

सकाळी दार वाजलं.

"पाय नाही मिळाला," इदवाल म्हणाला. "हात चालेल?"

संध्याकाळी चॅपेल गच्च भरलं. ती जागा आली. काळ्या कोटातला इदवाल हार्पशेजारी सरळ एका गुडघ्यावर बसला आणि त्यानं हातानं तिसरं पेडल दाबलं. सूर असा वळला म्हणून सांगू... पण मागच्या बाकावरून बेकरीवाल्या मेगनबाई ओरडल्या, "अगं बाई! मागणी घालतोय!"

झालं! टाळ्या, शिट्ट्या. वाद्यवाले वाजवतायत आणि हसतायत.

"ऊठ ना," नेरिस ओठातल्या ओठात म्हणाली. "लोकांना भलतंच वाटतंय."

"पुढच्या ओळीला पेडल परत सोडायचंय."

"अरे, पण त्यांना वाटतंय की..."

"बरोबर वाटतंय त्यांना."

तिची बोटं थांबली नाहीत. आठही जागच्या जागी पडत होती.

"मग बैस तसाच," ती म्हणाली. "हो म्हणतेय मी."

शनिवारी लग्न आहे त्यांचं, टेकडीवरच्या चॅपेलात. नवरी स्वतःच वाजवणार म्हणते. मला एकट्याला काही ती हार्प वर नेववत नाही बाबा. चहा संपव, आणि दुसऱ्या बाजूनं जरा हात लाव की!