पिंपाची आतली बाजू

पनवेलच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं सुतारकामाचं दुकान आहे. कळंबोलीच्या नव्या फ्लॅटांची दारं आणि कपाटं यांवर पोट चालतं. पण जीव रमतो तो पिंपात. लाकडी पिंप बांधणारा आसपास मीच उरलोय. मला हे माझ्या मामूंनी शिकवलं. खिळा नाही, सरस नाही. फळ्या आगीवर शेकून वाकवायच्या, सांध्यांत वाळक्या पाणगवताची पात घालायची आणि बाहेरून लोखंडी पट्टे ठोकायचे. पाणी भरलं की लाकूड फुगतं, सांधे आपोआप मिटतात. यात जादू काही नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलोय.

मामूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. २००९ साली नारळी पौर्णिमेच्या आधी उरणचे काशिराम कोळी दुकानात आले, सोबत मुलगा शैलेश.

“ताहेरभाय, पोरगा पयल्यांदाच तांडेल म्हनून सोता होडी घेऊन जातोय. त्याला पिंप पायजे. त्या निल्या डरमाचं पानी मी त्याला नाय देनार.”

“बाबा, आता कोन नेतो पिंप?” शैलेश हसत होता.

मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चांगलं सागवान काढलं आणि मनासारखं पिंप बांधलं. नेताना शैलेशला बजावलं, रिकामं ठेवू नकोस. प्लॅस्टिकवर वाढलेलं पोर ते! पिंप स्वच्छ असावं म्हणून त्याने ते धुतलं, पालथं घातलं आणि धक्क्यावर चांगलं उन्हात वाळवलं. निघताना पाणी भरून जाळ्यांमागे ठेवलं. उघडलेल्या सांध्यांकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

समुद्रात इंजिन बंद पडलं. होडीचा पत्ता लागेना, तेव्हा काशिरामभाऊ माझ्याच दुकानात येऊन बसले. फोन कानाला लावायचे, खाली ठेवायचे.

“पिंप हाय ना त्याच्याकडं,” ते म्हणायचे. “पानी हाय.”

माझ्या बायकोने, झुबेदाने दिलेला चहा तसाच निवायचा.

शेवटी दुसऱ्या एका बोटीने होडी ओढून आणली. शैलेश आणि दोन्ही खलाशी धडधाकट होते. काशिरामभाऊंनी पोराला आधी एक सणसणीत ठेवून दिली, मग मिठी मारून ढसाढसा रडले. मलाही फार बरं वाटलं.

तपासायला म्हणून शैलेशने पिंप टेम्पोतून दुकानात आणलं. तळाला थोडं पाणी अजून हिंदकळत होतं.

“चाचा, पिंप गलत व्हतं. अर्ध्याच्या वर पानी गेलं. आमी डोल्यांनी बघितलं. मंग दुपारी आतून ठकठक आयकू आली. जरा येलानं गलायचं थांबलं. उरलं तेवढं आमाला पुरलं.”

“लाकूड फुगलं असेल रे,” मी म्हणालो. त्याला ते पटलं. तो घरी जेवायला गेला.

मी पट्टे बघितले. जागचे हलले नव्हते. त्यांच्यावर खारं पाणी वाळून बसलेला थरही अखंड होता. झाकण मी बसवलं होतं तसंच घट्ट; पाणी भरा-काढायला त्याला बुचाचं भोक तेवढं, हात जाणार नाही एवढं. पट्टा सैल करून ते काढलं.

आतून ताज्या लाकडाचा वास आला.

पाण्यावर बारीक ढलप्या तरंगत होत्या.

सांध्यांत हिरवी, ओली पात होती. आतल्या बाजूने दाबून बसवलेली.

फळ्यांवर वाकसाने तासल्याचे नवे घाव होते. सगळे उजवीकडे कललेले. माझे डावीकडे कलतात.

मामू डावखुरे होते.

घाबरायला हवं होतं. माझे डोळे मात्र भरून आले. पोरगं वाचलं होतं, आणि काम किती सफाईचं होतं! मी पिंपावर वाकलो.

“मामू,” म्हणालो, “दमला असाल. पाणी प्या.”

पाणी घोटभर खाली गेलं.

मग आणखी एक घोट.