निळ्या साडीतल्या मुलीचं वर्णन

"हंडा पितळेचा आहे की प्लॅस्टिकचा?"

मृणाली दचकली. दिघीहून आगरदांड्याला निघालेल्या बोटीत, मांडीवर पुस्तक उघडं ठेवून ती त्यातल्या चित्राचं वर्णन फोनमध्ये बोलून टिपत होती — "एक बाई विहिरीवरून येते आहे, डोक्यावर हंडा, बाई उदास आहे..." — आणि शेजारच्या काळ्या चष्म्यावाल्याने मध्येच तोंड घातलं होतं.

"तुम्हाला काय करायचंय हो?"

"ऐकतोय ना मी! आणि ती उदास आहे हे चित्रात आहे, की तुमच्या मनात?"

"चित्रात! खांदे पडलेत तिचे."

"मग खांदे पडलेत असं लिहा. उदास व्हायचं की नाही, ते माझं मी ठरवीन."

अस्सा राग आला तिला! चांगलं खडसावणार होती, तेवढ्यात बोट धक्क्याला लागली, त्याने घडीची पांढरी काठी खटकन उघडली, आणि त्याला दिसत नाही हे तिला तेव्हा कळलं. तो मात्र हसत हसत उतरून गेला.

आणि गंमत बघा, कामाच्या केंद्रात पोचते तर हाच पठ्ठ्या समोर खुर्चीत! "तुम्ही!" तिच्या तोंडून निघालंच. केंद्र कसलं, दोन खोल्या. तिथे स्कॅन केलेली पुस्तकं अंध वाचकांसाठी तयार होत. यंत्र पानावरची अक्षरं ओळखायचं, त्यातल्या चुका मुली सुधारायच्या, चित्र आलं की ते शब्दांत लिहायच्या. मृणालीला कामाला लागून आठवडाच झाला होता.

"हा विनेश, सुट्टीवरून आलाय," केंद्र चालवणाऱ्या कोकिळाताई म्हणाल्या. "आपलं प्रत्येक पुस्तक हा कानाने तपासतो. याने पास केल्याशिवाय काही बाहेर जात नाही."

"ओळख झालीये आमची," विनेश म्हणाला. "हंड्यावरून."

मग सुरू झाला छळ. तिने 'सुंदर सूर्यास्त' लिहिलं की परत. 'गोंडस बाळ' लिहिलं की परत. "दिसतं तेवढंच लिहायचं," हा नियम तो रोज ऐकवायचा, आणि ही रोज एखादं वाक्य चोरून घुसवायचीच. तो ते वाक्य बरोब्बर पकडायचा, मोठ्याने म्हणून दाखवायचा, आणि मग... मग हळूच म्हणायचा, "छान आहे हं. काढून टाका."

आता याचा अर्थ काय लावायचा माणसाने?

मृणालीचं डोकं चक्रावून गेलं. दिघीत तिने प्रेम बघितलं होतं ते सगळं डोळ्यांचं. मुलगा बघतो, आपण बघितलंच नाही असं दाखवायचं, तो पुन्हा बघतो — संपलं, कळलं! इथे हा बघतच नाही. मग कळायचं कसं? डब्यातली कोलमाची चटणी तिच्यापुढे सरकवायचा, पण तो तर कोकिळाताईंपुढेही सरकवायचा. ती आली की बोलता बोलता थांबायचा... पण पंखा बंद पडला तरी थांबायचाच की! घरी जाताना बोटीत ती स्वतःवरच चिडायची. मला तो आवडतो का? छे! मग आज त्याने हाक मारली नाही तर जेवण का गेलं नाही?

आणि एका दुपारी तो तिच्या टेबलाशी आला. हातात फोन.

"एक काम आहे. पुस्तकातलं नाही. माणगावचं स्थळ आलंय मला. आई म्हणते मुलगी चांगली आहे, पण आईला सगळ्याच चांगल्या दिसतात. तुम्ही सांगा. रविवारी कळवायचंय."

मृणालीने हातातलं पुस्तक मिटलं.

"मी... मीच का?"

"तुमच्यावर विश्वास आहे."

झालं! तिने फोन हातात घेतला. फोटोतली मुलगी निळ्या साडीत उभी होती, हातात तुळशीची कुंडी. हसताना तिचा एक दात जरासा पुढे येत होता. तो दात मृणालीने पहिल्या वाक्यात घातला. मग लाज वाटली, खाली नेला. मग पुसलाच. मग वाटलं, लपवणं तरी बरं का? पुन्हा लिहिला. एवढी साधी गोड मुलगी, हिने काय घोडं मारलंय माझं! डोळे भरून आले होते, तरी तिने नीट लिहून काढलं, आणि पाठवून दिलं.

विनेशच्या फोनमधला बाईचा यांत्रिक आवाज ते भराभर वाचत गेला. तो मान तिरकी करून ऐकत राहिला.

"एकही शब्द जास्तीचा नाही," तो म्हणाला. "इतके दिवस सांगून एकदा ऐकलं नाहीत. आजच बरं शहाणपण सुचलं?"

"कारण मला जे वाटत होतं ते लिहिलं असतं ना, तर..." आवाज फुटला तिचा. "तर तुम्ही तिला हो म्हणू नका, असं लिहिलं असतं! बस? झालं समाधान?"

तो हळूच म्हणाला, "मी कालच तिला फोन करून 'नाही' म्हणून सांगितलंय."

"काय? मग आज हा तमाशा कशाला?"

"बाकीच्यांना नजरेतून कळतं, मृणाली. मला कोणीतरी बोलल्याशिवाय कळत नाही. तुम्ही बोलतच नव्हतात..."

"मग सरळ विचारायचं! त्या बिचारीचा फोटो कशाला मध्ये आणलात? आणि मी इथे रडत बसले होते!"

त्याचे कान लालबुंद झाले. "चुकलं. खरंच चुकलं. भीती वाटत होती... विचारलं आणि तुम्हाला नुसती दया आलेली असली तर?"

"दया? तुमची?" रडता रडता तिला हसू फुटलं. "एवढी चित्रं परत पाठवणाऱ्याची कोण दया करेल हो!"

संध्याकाळी ती धक्क्यावर निघाली तेव्हा तो बरोबर होता, तिच्या कोपराला धरून. बोट येईपर्यंत तिने घरी फोन लावला.

"आई, जेवायला एक जण येतोय. केंद्रातला. मागे नाव सांगितलेलं बघ... हा घे, तूच बोल." आणि फोन सरळ त्याच्या हातात!

"न... नमस्कार काकी..."

"मासं खाता न्हवं?" पलीकडून आवाज आला.

"खा... खातो."

"मग या की."

फोन परत देताना सगळ्या केंद्राच्या चुका काढणारा हा माणूस पार गोंधळून गेला होता. "एवढंच? लग्नाचं काहीच विचारलं नाही त्यांनी?"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत मला?"

बोट लागली. माणसं उतरू लागली. विनेशने घसा खाकरला, पुन्हा खाकरला.

"मग... करशील?"

"करीन," मृणाली म्हणाली, "पण आधी पाय उचला. फळी ओली आहे."