जर्मनीला निघण्याआधीचे रविवार

आर्णीच्या भांड्यांच्या दुकानात नयनला हसू आलं, आणि ते जरा मोठ्यानंच निघालं.

गल्ल्यासमोर पाच लिटरचा कुकर, परात, खलबत्ता, डबे आणि लोणच्याच्या बरण्या असा ढीग लागला होता. ढिगामागे एक उंच, लाजरा पोरगा उभा होता. त्याची आई दुकानदाराला आणखी एक कढई काढायला लावत होती.

"लग्न कोणाचं हाय, काकू?" नयननं विचारलं.

"लग्न कायचं, बाई! रजत जर्मनीले चालला शिकायले. तिथं कोण देईन याले भांडे?"

रजतचे कान लाल झाले. नयननं ढिगाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "विमानात तुम्ही बसणार... का परात?"

तोही हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडली. नयननं ती पाहिली आणि उगाचच कुकरचं झाकण उघडून बघितलं.

"भांडे तिकडंबी भेटतात, काकू," ती म्हणाली.

"तुम्हाले कसं माहीत तिकडचं?" रजतनं विचारलं.

"राहून आली ना मी. मास्टर्स केलं तिथं."

दुकानदाराचेही हात थांबले. फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यातली ही नयन आडे. शेतीच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला जर्मनीतल्या एका लहानशा गावी गेली, शिष्यवृत्ती आणि संध्याकाळच्या कामावर तिथं राहिली, घरून काही न मागवता पदवी घेऊन परतली. आता आर्णीच्या सोयाबीन कारखान्यात इंजिनिअर होती. हे ती आपणहून कुणाला सांगत फिरायची नाही. पण विचारलं, की मान ताठ करून सांगायची.

"छोटा कुकर, तवा आणि मसाल्याचा डबा," ती म्हणाली. "बाकी सगळं परत ठेवा, काकू. अन् याले रांधता येते का?"

"चहाबी येत नाही!"

"मग पहिल्याच महिन्यात सगळे पैसे हॉटेलात जातीन. तिकडं ज्याले रांधता येते, तोच निभते."

रजतच्या आईनं, भागीरथाबाईंनी, तिचा हातच धरला. "मग तूच शिकव, बाई. रविवारी ये घरी."

रजतनं आईकडे असं पाहिलं, जणू तिनं त्याला न मागता काहीतरी देऊन टाकलं होतं.

पोळा होऊन गेला होता. रविवारी नयनची स्कूटी रजतच्या घरी, गावंड्यांच्या दारात थांबायची तेव्हा भाद्रपदाची भुरभुर चालू असायची आणि ओल्या सोयाबीनचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा. भागीरथाबाई कोपऱ्यात डाळ निवडत बसायच्या. रजत कोपरापर्यंत पिठात माखलेला असायचा.

"मी दूध, भाडं, बस... सगळ्याचे रुपये करून पाहिले," एकदा तो म्हणाला. "झोपच उडाली."

"रुपये करूच नको. करशील तर उपाशी राहाशील. तिथल्या पैशात मोज. आधी खोलीचं भाडं अन् विमा, मग किराणा, मग बसचा पास. उरलं, तर त्यातून महिन्यातून एकदा स्वतःले कॉफी पाजायची. चांगल्या जागी, खिडकीजवळ बसून."

"एकट्यानं?"

नयननं वरणात फोडणी ओतली. चर्रर्र झालं. 

मग एका रविवारी तिनं तिच्या पहिल्या हिवाळ्याची गोष्ट सांगितली. पासाचे पैसे वाचवायला ती बर्फातून चालत कामावर जायची, अंगात पातळ कोट. शेवटी तापानं आडवी झाली. काम बुडालं, आणि वाचवलं होतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त गेलं.

"काटकसर करायची," ती म्हणाली, "पण ज्याच्यावर आपण उभे हाओ ते नाही कापायचं. गरम कोट अन् पोटभर जेवण... ते घ्यायचंच."

रजतचे हात पिठात थांबले होते. "जवळ कोणी होतं तुह्या?"

"नाही."

"मी असतो तर..."

"तर काय केलं असतं तू? तुले तर चहाबी येत नव्हता!"

ती हसली. तो मात्र हसला नाही. नुसता बघत राहिला आणि नयनला एकाएकी ओढणी सावरावीशी वाटली.

शेवटच्या रविवारी त्याची भाकरी टम्म फुगली. घनश्यामराव, त्याचे वडील, सुरुवातीला "पोराले इंजिनिअर करून राह्यलो का आचारी?" म्हणून कुरकुरायचे. आज ते दोन भाकरी जास्त जेवले. मग खिशातून एक पाकीट काढून त्यांनी नयनसमोर धरलं.

"घे, पोरी. एवढे रविवार आली तू. आम्ही कोणाची मेहनत फुकट नाही ठेवत."

मनानं चांगलेच होते ते. पण नयनच्या कानांपर्यंत रक्त चढलं.

"काका, मी शिकवणी नाही घेतली."

"अवं, मग एवढ्या पावसात कायले येत होती?"

"मले इथं यायले आवडत होतं म्हणून!"

बोलून गेली ती. तव्यावरची भाकरी करपली. भागीरथाबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. रजतकडे न बघता नयननं चप्पल घातली, आणि मान खाली न घालता ती बाहेर पडली. रडू आलं ते स्कूटी गावाबाहेर निघाल्यावर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती अंगणात बसली होती तेव्हा तांड्याच्या रस्त्यावर मोटारसायकल वाजली. रजत भिजलेला होता. शेजारच्या बायकांनी हातातली कामं सोडून तिथंच मुक्काम ठोकला.

"एक खर्च धरायचा राह्यला," तो म्हणाला.

"कोणता?"

"पुढच्या उन्हाळ्यात घरी यायच्या तिकिटाचा." त्यानं कपाळावरचं पाणी पुसलं. "बाबा देतो म्हणतात. मले नाही पायजे. तुले भेटाले येईन, तर... माह्या कमाईनं येईन."

नयननं हनुवटी वरच ठेवली. "अन् मीच आली तर? पगार मलेबी हाय. तुह्या हातचं वरण जमते का ते पाहाले."

"मग... खिडकीजवळची कॉफी माह्याकडून."

"एकच?"

"जन्मभर."

आता हसू दाबणं तिला जमेना. "काका काय म्हणाले?"

"म्हणाले, पाकीट दिलं ते चुकलंच माहं. अन् म्हणाले, एवढी ताठ मानेची सून आपल्याले झेपते का, ते पाहा लागन."

तेवढ्यात डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन नयनची आई, धुरपताबाई, वावरातून आली. परका पोरगा, जमलेल्या बायका आणि लेकीचा उजळलेला चेहरा – सगळं तिनं एका नजरेत पाहिलं. भारा खाली टाकून तिनं घरच्या बंजारा बोलीत, गोरबोलीत, विचारलं, हा कोण म्हणून.

रजत गडबडला. नयन मात्र उठली. त्याच्या ओल्या बाहीला धरून त्याला तिनं आपल्या बाजूला उभं केलं.

"याडी," ती म्हणाली, शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "हा रजत. मी निवडला याले."