एकविसावं कलम

पाच घाव होते. पहिल्यातच कवटी फुटली होती, उरलेले चार निव्वळ रागाचे. कागद दाबायचा दगड रक्ताने माखून टेबलाखाली पडला होता आणि त्याला केस चिकटले होते.

मेलेला माणूस सुलेखनकार. नव्या देशाची राज्यघटना दोन वर्षं भांडून, खोडून एकदाची ठरली होती. तिची सहीची प्रत तो सभागृहामागच्या खोलीत हाताने लिहीत होता. सह्या उद्या सकाळी व्हायच्या होत्या.

दुपारी दोनला त्याची मुलगी मास्तरांच्या दारात उभी राहिली. मास्तर पूर्वी शाळेत शिकवत. आता ते खासगी तपास करत, म्हणजे लोकांच्या थापांचे पेपर तपासत, असं त्यांचा सोबती कंपाउंडर म्हणे.

"बाबांना मारलं," ती म्हणाली, "आणि पकडलंय माझ्या नवऱ्याला. सहा वाजता गोळी घालणार आहेत."

"सुनावणी?"

"जुना हुकूम आहे ना. सभेच्या आवारात खून झाला की सुनावणी नाही, सरळ भिंत. उद्या सह्या झाल्या की तो हुकूम संपतो. पण उद्या, मास्तर."

तिचा नवरा सभेचा शिपाई. सासऱ्याला पाणी द्यायला गेला, प्रेत मांडीवर घेऊन बसला आणि तसाच सापडला. बंदोबस्ताच्या कॅप्टनने तत्क्षणी आवाराचे दरवाजे लावून घेतले, तेव्हापासून आतलं कुणी बाहेर गेलं नव्हतं. कोठडीत पहारेकऱ्यांनी शिपायाची तीन बोटं मोडली होती. एक डोळा सुजून मिटला होता. छाती आणि मांड्या रक्ताने भिजलेल्या, बाह्या मात्र स्वच्छ. कंपाउंडरने बोटं बांधता बांधता कॅप्टनला ऐकू जाईल अशी एक शिवी हासडली, पण बाह्यांकडे काही त्याचं लक्ष गेलं नाही.

खोलीत रक्ताचे शिंतोडे थेट छतापर्यंत उडाले होते. दोऱ्यांवर पानं वाळत टांगलेली, एका पानावर एक कलम. एकाही पानावर कलमाचा आकडा नव्हता.

"आकडे बाबा अगदी शेवटी घालायचे," मुलगी म्हणाली. "समितीवाले रोज एक कलम घुसवतात नि एक काढतात, आधी आकडे घातले तर जन्म खोडण्यात जाईल म्हणायचे. आणि लिहायचेही जसं नक्की होईल तसं. आज शेवटचं, उद्या मधलं."

मास्तरांनी पानं मोजली. चाळीस हवी होती, भरली एकोणचाळीस. कंपाउंडर कोणतं पान गेलं ते शोधायला बसला. प्रत्येक पान छापील मसुद्याशी ताडून बघायचं, म्हणजे दोन तासांची निश्चिंती. मास्तर मात्र उठले आणि दोघांना भेटायला गेले, कारण दुपारी त्या मजल्यावर शिपायाखेरीज दोघेच होते.

पहिला समितीचा वकील. उकाडा एवढा की कोट खुर्चीवर टाकून, बाह्या दुमडून, फाइलने वारा घेत बसलेला. सुनावणीच्या कलमाला आपण विरोध केला होता, सकाळी सुलेखनकारावर ओरडलोही होतो, हे त्याने स्वतःहूनच सांगितलं. एक पान गेलंय म्हटल्यावर तो वैतागला. कोणतं, की आता सगळंच पुन्हा लिहायचं, असं विचारलं.

दुसरा समितीचा सचिव. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, हनुवटीवरून घाम ठिबकत होता. बोलणं मात्र लोण्यासारखं. खोलीत आपण पाऊलही टाकलं नाही, रक्त सोसत नाही म्हणून उंबऱ्यावरूनच फिरलो, म्हणाला. पान गेल्याचं कळताच त्याने मास्तरांचा हात हातात घेतला.

"एकविसाव्याची काळजी करू नका. माझ्या प्रतीवरून दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतो."

मास्तरांनी त्याचे आभार मानले.

पावणेसहाला शिपायाला भिंतीपाशी उभं केलं, डोळ्यांवर फडकं बांधलं. त्याची बायको पहारेकऱ्यांशी झटत होती. मास्तर वकील आणि सचिवाला घेऊन अंगणात आले. मागून धापा टाकत कंपाउंडर आला. गेलेलं कलम एकविसावं, म्हणाला.

"दोन तास लागले तुम्हाला," मास्तर म्हणाले. "उंबऱ्यावरूनच फिरलेल्या सचिवसाहेबांनी आकडे नसलेली पानं न बघताच सांगितलं होतं. चोराच्या मनात चांदणं, कॅप्टन. आता या पोराच्या बाह्या बघा. दगडाने पाच वेळा कुणाचं डोकं फोडलं, छतापर्यंत रक्त उडवलं, तर बाह्या कोऱ्या राहतील? मारणाऱ्याचा शर्ट मानेपासून मनगटापर्यंत भरलेला असणार. आणि दरवाजे दुपारपासून बंद आहेत, त्याला तो बदलायला मिळालेला नाही. या उकाड्यात कोट न काढणारा माणूस इथे एकच आहे."

सचिव पळाला. दोन पहारेकऱ्यांनी त्याला पायरीवर आपटलं, दात तुटून पडले. कोट फाडला तर शर्ट लालभडक, आणि छातीशी घडी घातलेलं पान. कॅप्टनने ते वाचलं. कोणालाही त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा दिली जाणार नाही.

"याच्या पुढे 'सरकारला गरज वाटल्यास ऐकून न घेताही' एवढं जोडायला सांगितलं असणार," मास्तर म्हणाले. "मतदानात हरले होते ना. उद्या सह्या करताना कोण वाचतंय? म्हातारा नाही म्हणाला. मग काढला कोट, उचलला दगड. आणि नवं पान ह्यांच्याच प्रतीवरून लिहिलं गेलं असतं."

कॅप्टनने शिपायाचं फडकं सोडलं आणि सचिवाला त्याच भिंतीशी ढकललं. हुकूम अजून चालू होता. बंदुका वळल्या. सचिव गुडघ्यांवर आला.

"मला बोलू द्या," तो तोंडातल्या रक्तातून म्हणाला. "माझं ऐकून तरी घ्या."

सुलेखनकाराची मुलगी पुढे झाली आणि तिने मूठ वळून त्याच्या तोंडावर मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"मला याचा जीव घ्यायचाय," ती म्हणाली. "आत्ता, इथेच."

कॅप्टनने मान डोलावली, बंदुका वर गेल्या. तेव्हा ती वळली आणि सचिवाच्या पुढ्यात, बंदुकांकडे तोंड करून उभी राहिली.

"पण आधी याचं ऐकून घ्या."

ती हुंदके देऊन रडत होती, पण तिथून हलली नाही.